घरच्या आंब्याचे कलम, कुकरमधली प्रयोगशाळा

पुणे, नाशिक, ठाणे, कोल्हापूर अशा शहरांतील जुन्या वाड्यांच्या आणि बंगल्यांच्या आवारात आंब्याचे एखादे तरी झाड असतेच. ते बहुधा हापूसचे नसते. दोन पिढ्यांपूर्वी कुणीतरी खाऊन टाकलेल्या कोयीतून उगवलेले ते रायवळ झाड असते. त्याच्या फळाला बाजारात नाव नसते. घरात मात्र असते. बडीशेपेसारखा वास येतो म्हणून शेप्या, खोबऱ्यासारखा गर म्हणून खोबऱ्या, लहान आणि गोड म्हणून साखरगोटी. भावंडे शहराच्या चार टोकांना राहायला गेली तरी मे महिन्यात या झाडाचे आंबे पिशव्यांतून घरोघर पोहोचतात. मग एक दिवस बंगला पुनर्विकासाला जातो. सदनिका मिळतात, वाहनतळ मिळतो आणि झाडाच्या बुंध्यावर महापालिकेची नोटीस चिकटवली जाते.

अशा वेळी घरातील मंडळी दोन गोष्टी करतात. ज्येष्ठ मंडळी शेवटच्या आंब्यांच्या कोयी राखेत घोळवून जपून ठेवतात. तरुण मंडळी ‘टिश्यू कल्चर करून घेता येईल का’, अशी चौकशी करू लागतात. दोन्हींमागची भावना खरी असली, तरी दोन्ही मार्ग चुकतात. कोयीतून तो आंबा परत मिळत नाही आणि प्रयोगशाळेतील बाटलीत आंब्याचे जुने झाड सहजी वाढत नाही. जो मार्ग खात्रीचा आहे तो या दोहोंपेक्षा साधा, स्वस्त आणि घराच्या गच्चीवर करता येण्याजोगा आहे. तो म्हणजे कलम. मात्र तो समजून घ्यायचा तर झाडे स्वतःची प्रतिकृती कशी करतात, हे आधी पाहायला हवे.

कोय आणि काडी

आंब्याच्या मोहोरावर माश्या आणि इतर कीटक येतात आणि एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडावर नेतात. त्यामुळे फळाचा गर आईच्या झाडाचा असला, तरी आतील कोयीत आई आणि अनोळखी बाप अशा दोघांचे गुण मिसळलेले असतात. कोय रुजते तेव्हा एक नवीच व्यक्ती जन्माला येते. ती आईपेक्षा गोड असेल, आंबट असेल किंवा तंतुमय असेल. आईसारखीच असण्याची शक्यता मात्र फार थोडी. दक्षिण भारताच्या किनारपट्टीवरील काही जातींत एकाच कोयीतून अनेक रोपे उगवतात आणि त्यांतील बरीचशी आईची तंतोतंत प्रतिकृती असतात. आपल्याकडील हापूस मात्र एकाच गर्भाचा आहे आणि रायवळ झाडांतही सर्वसाधारणपणे हाच प्रकार आढळतो.

काडीचे तसे नाही. फांदीच्या टोकावरील डोळ्यात झाडाची संपूर्ण आनुवंशिक माहिती जशीच्या तशी असते. ती काडी दुसऱ्या मुळांवर जगवली तर तिच्यावर येणारे फळ त्याच झाडाचे असते. आज सर्वतोमुखी झालेला ‘क्लोन’ हा शब्द मुळात याच अर्थाने जन्माला आला. ‘डहाळी’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून अमेरिकेतील वनस्पतिशास्त्रज्ञ हर्बर्ट वेबर यांनी १९०३ मध्ये तो योजला, तो बियांशिवाय वाढवलेल्या झाडांसाठी. या अर्थाने पाहिले तर कोकणातील प्रत्येक हापूस हा पूर्वी कधीतरी उगवलेल्या एकाच झाडाचा विस्तार आहे. तो कलमांच्या साखळीने आजवर पोहोचला. कलमांची ही साखळी तुटली असती, तर कितीही कोयी लावून हापूस परत आला नसता. घरच्या साखरगोटीची साखळी तर अजून सुरूच झालेली नसते. ती एका बुंध्यापाशी सुरू होऊन तिथेच संपते.

कलम जुळते कसे?

झाडाच्या सालीच्या लगेच आत पेशींचा एक अतिशय पातळ थर असतो. त्याला ‘कॅम्बियम’ म्हणतात. खोड जाड होते ते या थरामुळे. त्याच्या पेशी सतत विभागत असतात. आतल्या बाजूला पाणी वाहणाऱ्या जलवाहिन्या आणि बाहेरच्या बाजूला अन्न वाहणाऱ्या रसवाहिन्या तयार करतात. कलम बांधताना दोन झाडांचे हे दोन थर एकमेकांना टेकवायचे असतात. सारे कौशल्य एवढ्यातच आहे.

काप घेतल्यावर दोन्ही बाजूंच्या पेशी जखम भरून काढण्यासाठी वेगाने विभागतात आणि मऊ, आकारहीन अशा पेशींचा पुंजका तयार होतो. त्याला ‘कॅलस’ म्हणतात. हा पुंजका मधली फट भरतो. मग त्यातूनच नवा कॅम्बियम आणि नव्या वाहिन्या घडतात आणि खुंटाच्या मुळांनी शोषलेले पाणी वरच्या काडीपर्यंत पोहोचू लागते. तोपर्यंतचे दोन-तीन आठवडे काडी स्वतःत साठवलेल्या पाण्यावर जगत असते. बहुतेक कलमे मरतात ती याच काळात आणि तहानेने. कलमावर प्लॅस्टिकची टोपी घालणे, पाने आधीच काढून टाकणे, सावलीत ठेवणे हे सारे नियम या एका कारणापोटी आले आहेत.

जुळून आल्यावरही दोन जीव आनुवंशिकदृष्ट्या वेगळेच राहतात. खुंटामुळे झाडाची उंची, जोम, दुष्काळ किंवा क्षार सोसण्याची ताकद बदलते. फळाची जात बदलत नाही. सांगली-नाशिकच्या द्राक्षबागांत ‘डॉगरिज’ या अमेरिकी वंशाच्या खुंटावर द्राक्षाची कलमे बांधली जातात, ती क्षारयुक्त जमीन आणि पाण्याची टंचाई सोसण्यासाठी. वेलीवर येणारी द्राक्षे मात्र वरच्या काडीच्याच जातीची असतात.

पावसाळ्यातील कोय कलम

आंब्यासाठी पूर्वी भेट कलमाची पद्धत रूढ होती. कुंडीतले रोप आईच्या झाडाच्या फांदीपर्यंत उचलून मांडवावर ठेवायचे आणि दोघांच्या साली तासून बांधायच्या, असे ते किचकट काम असे. कोकणात दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या प्रसाराने कोय कलमाची सोपी पद्धत रुळली. शहरातील हौशी माणसालाही हीच पद्धत सोयीची आहे.

आंब्याची कोय फार दिवस टिकत नाही. महिन्याभरात तिची उगवणशक्ती झपाट्याने घटते. म्हणून मे-जूनमध्ये मिळालेल्या कोणत्याही रायवळ आंब्याच्या ताज्या कोयी माती आणि शेणखत भरलेल्या पिशव्यांत लगेच लावाव्यात. येथे कोय कोणत्या झाडाची हा प्रश्न गौण आहे, कारण तिच्याकडून फक्त मुळे हवी आहेत. रोप उगवून दोन आठवडे होतात तेव्हा त्याची पाने तांबूस आणि खोड कोवळे, रसरशीत असते. कलमाची वेळ ती हीच.

काडीची तयारी त्याच सुमारास करायची. जे झाड जपायचे आहे त्याच्या तीन-चार महिने वयाच्या, पेन्सिलीएवढ्या जाड, टोकाचा डोळा फुगलेला असलेल्या फांद्या निवडाव्यात. काडी कापण्याच्या आठ-दहा दिवस आधी तिची पाने देठ ठेवून कापून टाकावीत. देठ आपोआप गळून पडतात आणि डोळे फुगू लागतात. जुन्या झाडांवर अशा फांद्या उंच टोकाला असतात. त्यामुळे नारळ काढणाऱ्या जाणत्या माणसाची मदत घेणे इष्ट.

रोपाचे खोड कोयीच्या वर सहा ते आठ सेंटिमीटरवर आडवे कापावे आणि मधोमध तीन-चार सेंटिमीटर खोल उभी चीर द्यावी. दहा ते पंधरा सेंटिमीटर लांबीच्या काडीच्या खालच्या टोकाला दोन्ही बाजूंनी तेवढ्याच लांबीचे तिरके काप घेऊन पाचर करावी. काप एका झटक्यात, नव्या आणि स्पिरिटने पुसलेल्या पात्याने घ्यावा. पाते मागेपुढे चालवले तर पृष्ठभाग खडबडीत होतो आणि पेशी चिरडतात. पाचर चिरेत बसवावी. काडी आणि खुंट यांची जाडी सारखी नसेल, तर काडी मध्यावर न ठेवता एका कडेला सरकवावी, म्हणजे निदान एका बाजूची साल सालीला भिडेल. नवशिके लोक नेमके येथेच चुकतात. नीटनेटके दिसावे म्हणून ते पाचर मध्यावर बसवतात आणि दोन्ही बाजूंचे कॅम्बियम परस्परांना चुकवून जातात. त्यानंतर दोन सेंटिमीटर रुंदीच्या पातळ प्लॅस्टिकच्या पट्टीने खालून वर घट्ट गुंडाळून काडीवर प्लॅस्टिकची अरुंद पिशवी टोपीसारखी चढवावी.

दोन-तीन आठवड्यांत डोळा फुटला की टोपी काढावी. पट्टी मात्र दोन-तीन महिन्यांनी, सांधा भरल्यावरच सोडावी; नंतर ती तशीच राहिली तर खोडाला फास बसतो. या काळात जोडाच्या खाली फुटणारे प्रत्येक धुमारे खुडले पाहिजेत. शहरी बागांत हमखास दिसणारे दृश्य असे की, वरची काडी केव्हाच वाळून गेलेली असते आणि खालच्या खुंटाला फुटलेली पालवी पाहून घरचे लोक ‘कलम लागले’ म्हणून आनंदात असतात. पाच-सात वर्षांनी फळ धरते तेव्हा ते तिसऱ्याच कुणाचे तरी असते.

पहिल्या प्रयत्नात एकाच कलमावर भिस्त ठेवू नये. निदान दहा बांधावीत आणि त्याआधी जास्वंदीच्या किंवा कुठल्याही छाटलेल्या फांद्यांवर हात बसवावा. काडी प्रौढ झाडाची असल्यामुळे कलमाला तीन ते पाच वर्षांत फळ येते. सुरुवातीची दोन-तीन वर्षे येणारा मोहोर मात्र खुडावा, म्हणजे झाड अंगाने भरते.

खुंट निवडताना

घरच्या प्रयोगांत पुढचा मोह असतो तो एका झाडावर दुसरे चढवण्याचा. येथे नात्याचा नियम आहे. आंबा आंब्यावर, गुलाब गुलाबावर, जास्वंद जास्वंदीवर सहज जुळते. एका कुळातील भिन्न झाडे कधी जुळतात, कधी नाही. दूरच्या कुळांतील तर मुळीच नाही. वाराणसीच्या भारतीय भाजीपाला संशोधन संस्थेने वांग्याच्या एका खुंटावर वांगे आणि टोमॅटो अशी दुहेरी कलमे करून ‘ब्रिमॅटो’ तयार केला. ही दोन्ही झाडे एकाच कुळातील असल्याने ते शक्य झाले. बाल्कनीतील कुंडीत असा प्रयोग करता येतो. तीन-चार आठवड्यांच्या रोपांचे तिरके काप जुळवून क्लिपने धरावेत आणि तीन-चार दिवस अंधाऱ्या, दमट जागी झाकून ठेवावे.

मात्र याच कुळात धोत्राही आहे आणि येथे उत्साहाला लगाम हवा. धोत्र्याची विषारी अल्कलॉइडे त्याच्या मुळांत तयार होतात आणि तेथून वर चढतात. धोत्र्याच्या खुंटावर टोमॅटोचे कलम जुळते. पण हे विष टोमॅटोच्या फळांतही उतरू शकते. फळाची जात बदलत नाही याचा अर्थ खुंटातील काहीच वर जात नाही, असा नव्हे. खाण्याच्या झाडाला खाण्याच्या झाडाचाच खुंट, हा नियम घरी कधीही मोडू नये.

बाटलीतील बाग

कलमात फांदी लागते. मग फांदीऐवजी चिमूटभर पेशी घेतल्या तर? ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ गॉटलिब हाबरलांट यांनी १९०२ मध्ये हा प्रश्न मांडला. वनस्पतीच्या प्रत्येक पेशीत संपूर्ण झाड घडवण्याची क्षमता असली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचे स्वतःचे प्रयोग फसले. पेशी जगल्या, पण विभागल्या नाहीत. कारण त्यांना लागणारी संप्रेरके तेव्हा कुणाला ठाऊकच नव्हती. १९५७ मध्ये फोक स्कूग आणि कार्लोस मिलर यांनी तंबाखूच्या ऊतींवर दाखवून दिले की, ‘ऑक्झिन’चे प्रमाण वाढवले तर मुळे फुटतात, ‘सायटोकायनिन’चे वाढवले तर कोंब फुटतात आणि दोन्ही तोलात असतील तर नुसता कॅलस वाढत राहतो. पुढच्याच वर्षी एफ. सी. स्टुअर्ड यांनी गाजराच्या पेशींपासून गर्भासारख्या रचना वाढवून दाखवल्या आणि हाबरलांट यांचे म्हणणे खरे ठरले. तोशियो मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेले पोषक माध्यम आजही जगभर ‘एमएस’ या आद्याक्षरांनी वापरले जाते.

या कहाणीत भारताचा वाटा मोठा आहे. दिल्ली विद्यापीठात सिप्रा गुहा आणि सतीशचंद्र महेश्वरी यांनी १९६४ मध्ये धोत्र्याच्या परागकोशापासून, म्हणजे गुणसूत्रांचा एकच संच असलेल्या पेशींपासून, रोपे घडवली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत तर १९९० मध्ये एक नवलच घडले. ज्या बांबूला निसर्गात फुलायला अनेक दशके लागतात, तो काचेच्या नळीत काही महिन्यांत फुलला. रजनी नाडगौडा, व्ही. ए. पाराशरामी आणि ए. एफ. मास्कारेन्हस यांचा तो शोधनिबंध ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे जळगावच्या केळीबागांत ‘ग्रँड नैन’ या जातीची ऊतिसंवर्धित रोपे आली आणि ‘टिश्यू कल्चर’ हा शब्द शेतकऱ्यांच्या रोजच्या बोलण्यात रुळला.

केळी आणि बांबू यांनीच या तंत्रात आघाडी घ्यावी, हा निव्वळ योगायोग नाही. गवत, ऊस, नारळ, केळी या एकदल वनस्पतींच्या खोडात आंब्यासारखा कॅम्बियम नसतो. म्हणून त्यांना नेहमीच्या रीतीने कलम बांधता येत नाही. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी गव्हासारख्या एकदल वनस्पतींची कलमे बियाण्यातील गर्भावस्थेत जुळवून दाखवली आहेत. ते संशोधन २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आले, पण ते अद्याप प्रयोगशाळेच्या पातळीवरचे आहे. म्हणजे कलम हे जुनाट आणि ऊतिसंवर्धन आधुनिक, अशी ही विभागणी नाही. जिथे एकाची वाट अडते तिथे बहुधा दुसऱ्याची उघडते.

कुकर, चायना ग्रास आणि ब्लीच

ऊतिसंवर्धनाचा प्रयोग घरी करता येतो. फक्त तो बागकामापेक्षा लोणचे घालण्याच्या अधिक जवळचा आहे. स्वच्छतेत तसूभर हयगय झाली की बुरशी ठरलेली. सुरुवात फ्लॉवरपासून करावी. फ्लॉवरचा पांढरा गड्डा म्हणजे वाढीच्या टोकांचा दाट समुदायच असतो. त्यामुळे त्याचे तुकडे बाटलीत लवकर प्रतिसाद देतात.

एक लिटर माध्यमासाठी सुमारे ४.४ ग्रॅम तयार एमएस भुकटी, ३० ग्रॅम साखर आणि सात-आठ ग्रॅम अगर लागते. वाण्याकडे मिळणारे चायना ग्रास म्हणजे अगरच. त्याची प्रत सारखी नसल्याने प्रमाण थोडे वाढवावे लागते. कोंब फुटण्यासाठी ‘बीएपी’ हे सायटोकायनिन लिटरमागे साधारण एक मिलिग्रॅम पुरते. एवढे वजन घरच्या काट्यावर होत नाही. म्हणून तयार द्रावण घेऊन ते सुई नसलेल्या सिरिंजने मोजणे सोपे. माध्यमाची आम्लता चाचणीपट्टीवर ५.७ ते ५.८ च्या आसपास आणावी. ती फार आम्ल झाली तर अगर नीट गोठत नाही.

हे मिश्रण उकळून जॅमच्या लहान बाटल्यांत दोन बोटे भरावे. झाकणे सैल ठेवून बाटल्या प्रेशर कुकरमध्ये जाळीवर उभ्या कराव्यात. प्रयोगशाळेतील ऑटोक्लेव्ह १२१ अंश सेल्सिअसला जे करतो, तेच काम घरचा कुकर पूर्ण दाबावर जवळपास तितक्याच तापमानाला करतो. दाब आल्यावर मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे ठेवावे. तळाशी पाणी भरपूर असावे आणि नंतर दाब आपोआप उतरू द्यावा. शिट्टी उचलून घाईने सोडला तर माध्यम उसळून बाटलीबाहेर येते. चिमटे, पाते आणि धुण्यासाठीचे पाणीही याच वेळी निर्जंतुक करून घ्यावे.

फ्लॉवरचे सेंटिमीटरभर तुकडे साबणाच्या पाण्याने धुवावेत. मग एक भाग घरगुती ब्लीच आणि चार भाग पाणी अशा द्रावणात दहा-पंधरा मिनिटे बुडवून निर्जंतुक पाण्याने तीनदा धुवावेत. हे अखेरचे धुणे आणि तुकडे बाटलीत ठेवणे स्थिर हवेत व्हायला हवे. दोन हात जातील एवढी भोके पाडलेला पारदर्शक प्लॅस्टिकचा खोका त्यासाठी पुरतो. पंखा बंद, खिडक्या बंद. खोका आतून स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्यावा. येथे दोन गोष्टींबाबत तडजोड नाही. स्पिरिटने पुसलेल्या खोक्यात किंवा त्याजवळ कोणतीही ज्योत पेटवू नये, कारण त्याची वाफ भडकते. आणि ब्लीच संडास साफ करण्याच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरिन वायू निघतो. मुले प्रयोग करत असतील तर मोठ्यांनी शेजारी असलेच पाहिजे.

बाटल्या सुमारे २५ अंश तापमानात, एलईडी दिव्याखाली, थेट ऊन न लागेल अशा ठेवाव्यात. पहिला आठवडा परीक्षेचा असतो. कापसासारखी तंतुमय वाढ दिसली तर बुरशी. तुकड्याभोवती दुधट वलय दिसले तर जिवाणू. अशी बाटली उघडून पाहण्याचा मोह टाळून ती बंदच कुकरमध्ये उकळावी आणि मगच रिकामी करावी. सुरुवातीला अनेक बाटल्या अशा जातात. त्याने खचण्याचे कारण नाही. कोणत्या पायरीवर हात चुकला हे तीच बाटली सांगत असते. ज्या वाचतात त्यांत दोन-तीन आठवड्यांत पांढऱ्या तुकड्यावर हिरवे ठिपके आणि मग इवली पाने दिसू लागतात. आधल्या आठवड्यात भाजीत पडले असते त्या तुकड्याला फुटलेली ती पालवी पाहिली की, हाबरलांट यांच्या विधानाचा अर्थ पुस्तकाशिवाय कळतो.

बाटलीबाहेरचे तीन आठवडे

खरी कसोटी पुढे असते. आधी कोंब अलग करून, सायटोकायनिन वगळलेल्या किंवा थोडे ऑक्झिन घातलेल्या माध्यमावर त्यांना मुळे फुटू द्यावी लागतात. अशी रोपे पूर्ण आर्द्रतेत, आयत्या साखरेवर वाढलेली असतात. त्यांच्या पानांवरचा मेणाचा थर अगदी पातळ असतो आणि पर्णरंध्रांना नीट मिटण्याची सवयच नसते. ती थेट कुंडीत लावली तर काही तासांत माना टाकतात. मुळांना चिकटलेला अगर कोमट पाण्याने हलकेच धुवून काढावा, नाहीतर साखरेवर बुरशी येते. ओलसर कोकोपीटमध्ये लावून वर पारदर्शक झाकण घालावे. पहिला आठवडा ते बंदच ठेवावे. मग रोज थोडे थोडे अधिक उघडत तीन आठवड्यांत पूर्ण काढावे. बाटलीत वाचलेली रोपे या टप्प्यावर गमावण्याचे दुःख बहुतेक नवशिक्यांच्या वाट्याला येते.

फ्लॉवरवर हात बसला की शेवंती, आफ्रिकन व्हायोलेट, ऑर्किड अशी वाट पुढे जाते. ऑर्किडचे बी धुळीसारखे बारीक असते आणि त्यात साठवलेले अन्न जवळजवळ नसते. निसर्गात ते विशिष्ट बुरशीच्या मदतीने रुजते. अमेरिकेतील लुईस नडसन यांनी १९२२ मध्ये साखरयुक्त माध्यमावर, बुरशीशिवाय ते रुजवून दाखवले आणि हौशी लोकांसाठीही ऑर्किडचे दार उघडले.

हौसेचे रूपांतर विक्रीत करण्याआधी थोडी माहिती घ्यावी. ऊतिसंवर्धित रोपे विषाणुमुक्त आणि मूळ जातीशी तंतोतंत आहेत ना, हे तपासण्यासाठी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ पासून राष्ट्रीय प्रमाणन व्यवस्था उभी केली. तसेच नोंदणीकृत वाणांवर २००१ च्या कायद्यानुसार पैदासकारांचे हक्क असतात. स्वतःच्या कुंडीसाठी प्रयोग करणे वेगळे आणि अशा वाणाची रोपे करून विकणे वेगळे.

आंबा बाटलीत का मावत नाही?

आता पुन्हा त्या नोटीस लागलेल्या झाडाकडे वळू. त्याचे टिश्यू कल्चर का होत नाही? पहिली अडचण म्हणजे आंब्याच्या ऊतीला काप दिला की त्यातील फिनॉल वर्गाची रसायने हवेशी संयोग पावून तपकिरी होतात. चिरलेले वांगे काळे पडते तसाच हा प्रकार. पण बाटलीत तो ऊतीला आणि माध्यमाला विषारी ठरतो. दुसरी, उघड्यावर वाढलेल्या जुन्या झाडाच्या आतल्या ऊतींतही सूक्ष्मजीव वस्तीला असतात आणि पृष्ठभाग ब्लीचने धुतला तरी ते जात नाहीत. तिसरी, झाड जसे प्रौढ होते तशी त्याच्या पेशींची नव्याने सुरुवात करण्याची तयारी मंदावते. संशोधकांनी आंब्याच्या ऊतींपासून प्रयोगशाळेत गर्भ घडवले आहेत. परंतु केळीप्रमाणे हजारोंच्या संख्येने रोपे देणारी व्यापारी पद्धत त्यातून उभी राहिलेली नाही. एवढी किमया साधण्याऐवजी गच्चीवरील दहा पिशव्या आणि एक धारदार पाते अधिक भरवशाचे.

नोटीस आणि मुदत

शहरातील झाडांना १९७५ च्या महाराष्ट्र वृक्षसंरक्षण कायद्याचे कवच आहे. २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीने ५० वर्षे व त्याहून अधिक वयाच्या झाडांसाठी ‘हेरिटेज वृक्ष’ ही संकल्पना आणली आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची अट घातली. साठ वर्षांच्या झाडाच्या बदल्यात साठ रोपे, हा हिशेब सावलीसाठी आणि हवेसाठी योग्यच आहे. पण ती साठ रोपे कडुनिंबाची असतील, बहाव्याची असतील किंवा रोपवाटिकेतील आंब्याचीही असतील. साखरगोटी त्यांत एकही नसेल. जगात एकाच बुंध्यावर असलेली जात तोडली तर भरपाई कशाने करायची, याची तरतूद कोणत्याही कायद्यात नाही.

म्हणून झाडावर नोटीस दिसली की हरकत नोंदवण्याच्या मुदतीबरोबर दुसरेही एक वेळापत्रक पाहिले पाहिजे. पावसाळा जवळ असेल तर कोयी आजच लावाव्यात. हंगाम नसेल तर रोपवाटिकेतून पिशवीतली रायवळ रोपे आणून ठेवावीत आणि त्यांच्या कोवळ्या फुटीवर पाचर कलम बांधावे. काही कारणाने करवत आधी आलीच, तरीही सारे संपलेले नसते. पडलेल्या फांद्यांच्या टोकांवरून त्याच दिवशी काड्या कापाव्यात, पाने काढावीत, ओल्या वर्तमानपत्रात आणि वर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून सावलीत ठेवाव्यात. अशा काड्या तीन-चार दिवस टिकतात. पाने आधी न काढल्याने यश कमी मिळते, म्हणून कलमे दहाऐवजी वीस बांधावीत.

त्यांतले एक जरी जगले तरी पुरे. ते गच्चीवरील दोनशे लिटरच्या पिंपात वाढेल, गावाकडच्या बांधावर वाढेल किंवा नव्या इमारतीच्या कुंपणालगत वाढेल. पुढे त्याच झाडावरून भावंडांच्या घरी पोहोचवण्यापुरत्या काड्याही मिळतील. आणि पाचव्या-सहाव्या मे महिन्यात पिकलेले फळ चोखणाऱ्याला ते ओळखीचे लागेल.